मृग ते श्रावण

डोंबिवलीत वर्षाचा सर्वांत चांगला काळ कोणता, तर मृग लागल्यापासून श्रावण सरेपर्यंतचा. लोकल रखडतात, कपडे वाळत नाहीत, तरी माझं हे मत कायम आहे. पाऊस अजून भरपूर पडतो. त्याच्याबरोबर जे यायचं, त्यातलं काही येईनासं झालं.

मृगाचे किडे. लाल, मखमली. सात जूनच्या सुमारास ओल्या मातीतून वर यायचे. बोट लावलं की पाय आखडून घ्यायचे. आवारात पेव्हर ब्लॉक बसले आणि त्यांची वाट बंद झाली.

पागोळ्या. कौलारू चाळी गेल्या, त्या गेल्या. वैशाखात छपरावर चढून शाकारणी करणारी माणसंही गेली.

रात्रभर ओरडणारे पिवळेधमक बेडूक.

दिवा ते कोपर, रुळांलगतची भातखाचरं. आवणाचा तो कोवळा हिरवा रंग, मग लावणी, इरली पांघरून वाकलेल्या बायका. याच खाचरांत वलगणीचे मासे चढायचे. पहिल्या मोठ्या पावसात ओढा फुगला की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट निघतात, आणि आगरी घरांतली पोरं कंदील घेऊन बांधावर. ओढ्यांचे काँक्रीटचे नाले झाले; मासा चढणार कुठे? इथली २७ गावं १९८३ साली महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर पडली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली गेली. गावांची ये-जा झाली. शेतं एकदा गेली ती गेलीच.

आणि शेवळं. याबद्दल मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. पानांआधी, वळवाच्या सरींवर जमिनीतून वर येणारे तपकिरी-जांभळे कोंब. त्याच कंदाची पानं पुढे आली की ती लोताची भाजी. मुरबाड-शहापूरकडच्या ठाकूर, कातकरी बायका टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने येतात. घसा खाजवतो म्हणून सोबत काकडं हवीतच, ती आंबट हिरवी फळं. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकी बारीक चिरायचं, काकडांचा रस घालायचा, मग सोडे, खिमा किंवा वाल. कायस्थांच्या घरी या भाजीसाठी मे महिन्यापासून निरोपानिरोपी चालायची. निवडायला निम्मी सकाळ लागते, आणि तेवढी सकाळ आता कोणाकडे नाही.

पण नुसतं घेणारं कमी झालं असं नाही. गेल्या वर्षी ठाण्यात जांभळी नाक्याजवळ एका मावशींना विचारलं, एवढीच का? म्हणाल्या, “जिथं निघायची तिथं कुंपान घातलंय, फारमहाऊस झालं. रखवालदार आत सोडत नाय.” त्यांच्याकडे चार-पाच जुड्या होत्या. काकडं नव्हती. “चिंच घाला,” म्हणाल्या.