फुलीचा टाका आणि दारातला शेरू

आम्हाला दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. पहिला कौतुकाचा असतो: एवढ्या कामातून भरतकामाला वेळ कसा काढता? दुसरा नाराजीचा: मुसलमानाच्या घरात कुत्र्याची एवढी सेवा कशाला? दोन्ही प्रश्नांचे उत्तर आमच्याकडे एकाच वेळी आणि एकाच जागी मिळते. असरची नमाज झाल्यावर, मगरिबच्या आधी, मागच्या पडवीत. म्हणून दोन्हींविषयी एकत्रच लिहितो आहोत.

आम्ही म्हणजे सासू आणि सून. लेखणी सुनेच्या हाती आहे, कारण उर्दू शाळेत शिकवून तिला लिहिण्याची सवय झाली आहे. पण काम दोघींचे आहे आणि मतही दोघींचे आहे. घरातला कर्ता पुरुष कोकणातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आखातात असतो. घर मोहल्ल्याच्या टोकाला, मागे नारळीची वाडी. अकरा वर्षांपूर्वी शेरू आला तो राखणीसाठी आला. राखणीसाठी, शेतीसाठी आणि शिकारीसाठी कुत्रा पाळण्याची मुभा शरिअतने दिलेली आहे. त्यामुळे तेव्हा कोणी फारसे बोलले नाही. बोलणे सुरू झाले ते शेरू राखण करण्याच्या कामाचा उरला नाही तेव्हा.

आधी टाक्यांबद्दल. क्रॉस स्टिच म्हणजे फुलीचा टाका. दिसायला सगळ्यात सोपा. कापडाला चौकोनी घरे असतात, एका घरात एक फुली. पण प्रत्येक फुलीचा वरचा धागा एकाच बाजूला झुकलेला असला पाहिजे, नाहीतर उजेडात कापड डागाळल्यासारखे दिसते. दोऱ्याची लच्छी सहा पदरी असते. इंचाला चौदा घरांच्या कापडावर दोन पदर घ्यायचे, अकरा घरांच्या कापडावर तीन. सुई बोथट टोकाची लागते. सुरुवात कापडाच्या मध्यावरून करायची आणि गाठ मारायची नाही. दोऱ्याचे टोक पुढच्या टाक्यांखाली दाबून टाकायचे. शंभर घरे लांब आणि शंभर घरे रुंद अशी नक्षी काढली तर दहा हजार फुल्या होतात आणि कापड भरते जेमतेम सात इंच. अर्ध्या तासात आमच्या हातून साठेक फुल्या होतात. म्हणजे त्या सात इंचांना साडेपाच महिने. हा हिशेब आधीच माहीत असला की घाई आपोआप गळून पडते.

हा टाका मेमसाहेबांनी आणलेला शौक आहे असे काहींना वाटते. तसे नाही. शेजारच्या कर्नाटकातल्या कसुतीत मेंथी नावाचा टाका आहे, तो फुलीचाच. आणि पॅलेस्टाईनच्या बायका आपल्या पायघोळ झग्यांवर जे भरतात, ज्याला तिकडे ततरीज म्हणतात, त्यातही मुख्य टाका हाच. गावोगावची नक्षी वेगळी. झगा पाहून बाई कुठली ते ओळखता येई. गावे सुटली तरी नक्षी बायकांच्या हातात राहिली. 2021 साली युनेस्कोने या कलेची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केली. त्यातले सरूचे झाड अम्मी सध्या एका टेबलक्लॉथवर भरत आहेत. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून त्या अकरा घरांचे कापड घेतात. घरे मोठी, नजरेला सोपी.

सुनेचा ओढा अक्षरांकडे. नस्तालीकची गोलाई चौकोनी घरांत बसत नाही, अक्षर दातेरी होते. पण चौकोनी कूफी लिपी बसते, कारण इराण आणि मध्य आशियातल्या कारागिरांनी ती विटांत बसवलेलीच आहे. मशिदींच्या आणि मकबऱ्यांच्या भिंतींवर त्यांनी विटांनी अल्लाचे नाव लिहिले. वीट आणि कापडाचे घर यात आकाराशिवाय फरक तो काय? असे नाव भरलेले कुराणशरीफचे जुजदान लग्नघरातून मागून नेतात. त्याचे चार पैसे येतात आणि शेरूचे औषध त्याच पैशातून होते. कोणी म्हणतात, हा पैसा एखाद्या गरिबाच्या औषधाला दिला असता तर? गरिबांचा हक्क वेगळा आहे, तो आम्ही वेगळा काढतो. शेरूचा हक्क गरिबाच्या वाट्यातून जात नाही, आमच्या शौकातून जातो.

शेरू मागच्या पावसाळ्यापासून फार पाणी पिऊ लागला, सारखी लघवी करू लागला आणि खाणे टाकून बसला. रक्त तपासले तेव्हा मूत्रपिंडे गेल्याचे कळले. या आजाराचा स्वभावच तसा आहे, असे डॉक्टरांनी समजावले. मूत्रपिंडांचा दोनतृतीयांश भाग जाईपर्यंत बाहेरून काही दिसत नाही आणि गेलेला भाग परत येत नाही. उरले आहे ते सांभाळायचे. हाडे बंद, कारण त्यातला फॉस्फरस त्याला सोसत नाही. बकरीदलाही शेरूला हाड मिळाले नाही. आणि एक दिवसाआड दीडशे मिली सलाईन, तेही शिरेतून नाही, मानेमागच्या सैल कातडीखाली. डॉक्टरांनी दोनदा करून दाखवले, तिसऱ्यांदा सुनेकडून करून घेतले.

पण सुई आणि पाणी एवढाच प्रश्न नव्हता. आम्ही कोकणी मुसलमान, मजहबाने शाफई. कुत्र्याचे ओले अंग लागले की हात सात वेळा धुवायचे, त्यातले एकदा मातीने. इमाम मालिक यांच्या मजहबात जिवंत कुत्रा पाक मानला आहे, हे सुनेने वाचले होते आणि अम्मींना सांगितलेही. अम्मी म्हणाल्या, "बेटा, सोय बघून मजहब बदलायचा नसतो. सात वेळा धुवायला सांगितलेय, हात लावू नको असं कुठं सांगितलेय?" दुसऱ्या दिवशी नळाजवळ त्यांनी करवंटीत चाळलेली माती भरून ठेवली. शेरूजवळ बसायचा एक जुना गाऊन ठरला, तो वेगळा धुतला जातो. जुजदानाचे कापड पडवीत येत नाही. ते इशानंतर, आतल्या खोलीत, वुजू करूनच हाती घ्यायचे. असे नियम ठरल्यावर आमच्या मनातली धास्ती गेली. नियम दार बंद करण्यासाठीच असतात असे नाही, कुठून आत यायचे तेही ते दाखवतात.

आता ती पडवी. कोमट पाण्यात ठेवून सलाईनची बाटली ऊबदार केली जाते आणि वाशाच्या खिळ्याला टांगली जाते. सून शेरूच्या मानेची कातडी तंबूसारखी उचलून सुई घालते आणि ती धरून बसते. कातडीखाली लिंबाएवढा, मग पेरूएवढा फुगवटा येतो, हळूहळू खांद्याकडे उतरतो आणि काही तासांत जिरून जातो. दोन हातांपलीकडे अम्मी कापड घेऊन बसलेल्या असतात. नक्षीचा कागद समोरच्या भिंतीवर चिकटवलेला असतो. सून तो वाचते: "अम्मी, उजवीकडे चार लाल, मग एक सोडून दोन हिरवे." अम्मी टाके घालतात आणि मधूनच बाटलीकडे पाहून सांगतात, "शंभर झाले. पन्नास राहिले." पंधरा-वीस मिनिटे दोघींच्या तोंडी फक्त आकडे असतात. शेरूही आता ते आकडे ओळखतो. दीडशे म्हटले की कान हलवतो.

हाच आमचा वेळ. तो कुठून काढलेला नाही. शाळेच्या वह्या, निवडणुकीच्या याद्या, ऑनलाइन भरायची माहिती, मुलांची परीक्षा, पाहुणे, आखातातून येणारा फोन, यातले काही कमी झालेले नाही. मोठा मोकळा वेळ मिळेल तेव्हा भरायला बसू म्हटले असते तर कापड कोरेच राहिले असते. आणि शेरू बरा होईल म्हणून सेवा करायची म्हटले असते तर ती पहिल्याच आठवड्यात थांबली असती, कारण तो बरा होणार नाही.

मोहल्ल्यातल्या एक चाची परवा म्हणाल्या, "कुत्रा असतो तिथं फरिश्ते येत नाहीत." त्या प्रेमाने बोलतात, त्यांना दुखवायचे नव्हते. अम्मी म्हणाल्या, "म्हणून तर दाराबाहेर ठेवलाय, चाची. गुहेच्या दाराशीही एक होताच की." चाची हसल्या, कारण जुम्म्याला त्याही सूरे कहफ पढतात. झोपलेल्या त्या तरुणांबरोबर उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्रा त्या सूऱ्यात आहे. ते किती होते यावर लोक वाद घालतात, तीन, पाच, सात. पण प्रत्येक वेळी मोजताना कुत्र्याला धरूनच मोजतात. संख्या अल्लाला ठाऊक. मोजणीत तो आहे, एवढे नक्की. आणि तहानेने चिखल चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून वर आणणाऱ्याला माफी मिळाली, ही बुखारी आणि मुस्लिममधली हदीस तर आमच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. आमच्याकडे विहिरीत उतरावे लागत नाही. पाणी बाटलीत येते.

पुढचा प्रश्न अवघड आहे. त्रास वाढला तर शेवटचे इंजेक्शन द्यायचे का, असे डॉक्टरांनी विचारून ठेवले आहे. यावर उलेमांत दोन मते आहेत आणि आम्हा दोघींतही अजून एक मत झालेले नाही. अम्मी म्हणतात, दिलेली मुदत पुरी होऊ द्यावी. सून म्हणते, वेदनेलाही काही मर्यादा असावी. सध्या शेरू पाणी पितो, दही-भात थोडा खातो आणि रात्री फाटक वाजले तर उठून एकदा तरी भुंकतो. सरूच्या झाडाच्या सतरा ओळी झाल्या आहेत, सहा राहिल्या आहेत. बाटल्या दोन उरल्या आहेत. शनिवारी तालुक्याला जाऊन नव्या आणायच्या, येताना हिरव्या दोऱ्याची एक लच्छी.