शिळे नाणे

अन्न शिळे होते, फुले शिळी होतात. पैसा मात्र शिळा होत नाही, अशी आपली सर्वांची श्रद्धा असते. म्हणून तर आपण तो गाठीला बांधून ठेवतो. मध्ययुगीन हंगेरीच्या चांदीच्या नाण्यांविषयी वाचू लागलो, आणि माझ्या या श्रद्धेला चांगलाच धक्का बसला.

इसवी सन १००० च्या सुमारास इश्तवान हा हंगेरीचा पहिला राजा झाला. त्याने चांदीचे देनार पाडले. वजन एक ग्रॅमही नाही, पण त्यावर राजाचे नाव होते. पुढच्या राजांना एक युक्ती सुचली. ठरावीक काळाने जुने नाणे बाद करायचे आणि नव्या छापाचे काढायचे. प्रजेने जुने देनार आणून द्यावेत आणि त्याहून कमी नवे घेऊन जावेत. मधली चांदी राजाची! तिला नाव होते 'खजिन्याचा नफा'. आपल्याकडे सराफ बट्टा कापीत, पण त्यांच्याशी घासाघीस तरी करता येई. राजाशी कोण करणार? बाराव्या शतकात तर काही देनार इतके झिजरे झाले की त्यांचे वजन पाव ग्रॅमही भरत नाही.

१२२२ साली दुसऱ्या आंद्राश राजाकडून सरदारांनी प्रसिद्ध 'सोनेरी सनद' मिळवली. तिच्यात मोठमोठ्या हक्कांच्या जोडीला एक साधेसे कलम आहे : नवे नाणे एका ईस्टरपासून पुढच्या ईस्टरपर्यंत चालावे, आणि ते बेला राजाच्या वेळच्यासारखे असावे. मागून मागितले काय, तर पैशाला एक वर्षाचे आयुष्य!

तरीही माणसे साठवीतच राहिली. १२४१ साली मंगोलांची धाड आली, तेव्हा घाईघाईने पुरलेली नाणी आजच्या काळातही जमिनीतून निघाली आहेत. पुरणारे परत आलेच नाहीत.

चौदाव्या शतकात कारोय रोबेर्त राजाने ही रीत मोडली. नाणे स्थिर केले, आणि बुडालेल्या नफ्याबद्दल दरवाजावर कर बसवला. गवताने भरलेली गाडी आत जाईल एवढा दरवाजा असला, की कर द्यायचा. कर कोणाला गोड लागतो? पण तो उघडपणे मागितलेला होता. गाठीतल्या पैशाला न कळत कुरतडीत नव्हता.

लक्ष्मी चंचल म्हणून आपण तिला नावे ठेवतो. त्यात त्या बिचारीचा दोष किती, आणि तिच्यावर छाप उठवणाऱ्या हाताचा किती, याचा हिशेब यंदा पूजेला बसल्यावर मी मनाशी करणार आहे.