कुणाची पोरं

परळी वैजनाथ स्टेशनावर तो दिसायचा. मिसरूड नुकतं फुटलेलं. मी जिनिंगमधली रात्रपाळी संपवून गाडीची वाट बघत असायचो. सहा पोरं भिंतीकडं झोपलेली अन् हा उघड्या बाजूला बसलेला, जागा. पोरं त्याला भाऊ म्हणायची.

त्याचे आईबाप कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घ्यायची अन् दिवाळीच्या आगेमागे गाव सोडायचं. बीडच्या माणसाला हे काय सांगायचं! आई फडातच मेली. बाप कर्नाटकातून परतला नाही.

त्याला देव करायचा नाही मला. पोरांनी बाटल्या वेचून आणलेल्या पैशातला मोठा वाटा तोच ठेवायचा. कुणाच्या हातात सोल्युशनची ट्यूब दिसली की कानफाडात. आणि तीच ट्यूब ह्याच्या खिशात.

चौदा एप्रिलला सहाही पोरं घेऊन तो आपल्या जेवणाच्या पंगतीत आला. आपलाच एक कार्यकर्ता ओरडला, "ए, कुणाची पोरं ही?" मित्रांनो, या 'कुणाची'त काय काय दडलंय ते आपल्याला शिकवायला नको. तो म्हणाला, "माझी."

त्या रात्री त्यानं मला विचारलं, "तुमी चळवळीतले ना? साहेबापुढं चला आमच्यासंगं. समद्यांला एका जागी ठेवा म्हनावं." २०१५ चा बाल न्याय कायदा मी त्याला समजावला होता. अठराच्या आतलं बेघर पोर म्हणजे संरक्षणाची गरज असलेलं बालक. शाळेचा दाखला नसला, जन्माची नोंद नसली, तर हाडं तपासून वय ठरवतात. तो हसला. "माजं हाड थोराड निघालं तर? ह्ये ल्हाने एकीकडं, मी एकीकडं."

मी म्हणालो, सुट्टी मिळाली की जाऊ.

नारायण सुर्व्यांना रस्त्यावरून उचलून घरी नेणारा गंगाराम सुर्वे गिरणी कामगार होता. हे मी किती सभांत सांगितलंय. टाळ्या पडतात. मीही कामगारच. माझी एक खाडा पडायची तयारी नव्हती.

पंधरा दिवसांनी गेलो तर भिंत मोकळी. हमाल म्हणाला, बारकी पोरं गाडीत घालून नेली, बालगृहात म्हणे. थोरला फाटकापर्यंत गाडीमागं पळाला. मग कुठं गेला, कुणी बघितलं नाही.

चहावाल्याकडं त्याची उधारी निघाली. सात चहा. मी ती फेडली अन् गाडीत बसलो.