न वापरलेल्या अश्वशक्तीचा खर्च

सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाने धावणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोन विरोधांवर मात करावी लागते: समोरची हवा बाजूला सारताना होणारा वायुरोध आणि भाराखाली सतत दबत-फुलत राहणाऱ्या टायरमध्ये उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा. जनरल मोटर्सने १९९७ साली अमेरिकेत आणलेल्या पाचव्या पिढीच्या शेव्हरले कॉर्व्हेट या मोटारीचा वायुरोध गुणांक, म्हणजे तिच्या आकारामुळे हवेचा होणारा अडथळा दर्शवणारी संख्या, ०.२९ होता आणि तिचे वजन दीड टनाच्या आतबाहेर होते. हे आकडे धरून हिशेब केला, तर त्या वेगाला तिच्या चाकांशी १२ ते १३ किलोवॅट, म्हणजे साधारण १७ अश्वशक्ती पुरते. तिच्या ५.७ लिटरच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनाची क्षमता मात्र ३४५ अश्वशक्तीची होती. महामार्गावर शांतपणे चाललेली ही गाडी आपल्या शक्तीचा विसावा हिस्साच वापरत असते, आणि वेगवान गाड्यांच्या इंधनखर्चाचा प्रश्न समजून घ्यायचा, तर वापरलेल्या या हिश्शाइतकाच विचार न वापरलेल्या एकोणीस हिश्शांचा करावा लागतो.

पेट्रोल इंजिनात शक्ती कमी-जास्त करण्याची रीत मुळातच खर्चिक आहे. धुराड्यातील उत्प्रेरक नीट काम करावा, यासाठी वजनाने एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण सांभाळावे लागते, त्यामुळे इंधन कमी द्यायचे तर हवाही कमी घ्यावी लागते. आणि हवा कमी घेण्यासाठी प्रवेशमार्गातील थ्रॉटल ही झडप बहुतांशी मिटून ठेवली जाते. अशा वेळी प्रत्येक पिस्टन नाकातोंडावर घट्ट फडके बांधलेल्या माणसासारखा श्वास ओढत असतो, आणि त्या ओढण्यात खर्च होणारी ऊर्जा, जिला श्वसनहानी म्हणता येईल, चाकांपर्यंत कधीच पोहोचत नाही. आठ, दहा किंवा बारा सिलिंडरांचे घर्षण, तेलाचा व पाण्याचा पंप आणि झडपा हलवणारी यंत्रणा यांचा खर्च इंजिनाकडून १७ अश्वशक्ती घेतली काय किंवा ३०० घेतली काय, इंजिनाच्या फेऱ्यांनुसार ठरतो, भारानुसार फारसा बदलत नाही. म्हणूनच मध्यम फेऱ्यांवर आणि भरपूर भाराखाली इंधनातील ऊर्जेचा ३३ ते ३५ टक्के भाग कामी आणणारे चांगले पेट्रोल इंजिन हलक्या भाराखाली २०-२२ टक्क्यांवर घसरते.

या घसरणीचे मोल आकड्यांत पाहता येते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ किलोवॅट-तास ऊर्जा असते. चाकांपाशी १३ किलोवॅट हवे असतील आणि इंजिनापासून चाकांपर्यंत दहाएक टक्के घट होत असेल, तर ३५ टक्के कार्यक्षमतेने १०० किलोमीटरला साडेचार लिटरांहून थोडे अधिक, म्हणजे लिटरला २१ किलोमीटरांपेक्षा जास्त, असा खर्च येईल. २२ टक्क्यांनी मात्र तो साडेसात लिटरांच्या जवळ जाऊन लिटरला साडेतेरा किलोमीटर उरतात. छोट्या गाडीचे इंजिनही महामार्गावर आपल्या सर्वोत्तम बिंदूवर चालत नाही, पण ते त्या बिंदूच्या बरेच जवळ असते, आणि खरा फरक पडतो तो या जवळिकीमुळे.

कॉर्व्हेटच्या अभियंत्यांनी या अडचणीवर काढलेला पहिला तोडगा गिअरपेटीत होता. सहा गिअरांच्या पेटीतील सहाव्या गिअरचे प्रमाण ०.५० इतके लांब ठेवल्यामुळे इंजिनाच्या एका फेऱ्याला पुढील दांडा दोन फेरे घेतो, आणि ताशी १०० किलोमीटरला इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या आसपास रेंगाळते. फेरे कमी झाले की घर्षण घटते, आणि तेवढीच शक्ती थोड्या फेऱ्यांतून काढायची असल्याने प्रत्येक फेऱ्याला अधिक हवा घ्यावी लागून थ्रॉटलही अधिक उघडावी लागते, म्हणजे श्वसनहानीही उतरते. मोठ्या इंजिनाला खालच्या फेऱ्यांवरही पुरेसे बळ असते म्हणूनच हे जमते. छोट्या इंजिनाला असा गिअर लावला, तर पहिल्या चढावरच ते गुदमरेल. साडेतीनशे अश्वशक्तीची गाडी महामार्गावर लिटरला बारा किलोमीटर देते, हे त्या गाडीच्या मालकांचे सांगणे बढाई वाटले तरी त्यामागचे यांत्रिक कारण साधे आहे.

दुसरा तोडगा यंत्रापेक्षा कायद्याला उद्देशून होता. तेलटंचाईच्या काळात, १९७८ साली, अमेरिकेने ‘गॅस गझलर’ कराचा कायदा केला, ज्यानुसार शहर आणि महामार्ग मिळून गॅलनला २२.५ मैलांपेक्षा, म्हणजे लिटरला सुमारे साडेनऊ किलोमीटरांपेक्षा, कमी देणाऱ्या मोटारीवर आज १,००० ते ७,७०० डॉलर आकारले जातात. (ट्रक आणि एसयूव्ही यांतून सुटतात, दोन टनांहून जड एसयूव्ही करमुक्त आणि हलकी दोनआसनी मोटार करपात्र, ही विसंगती इतकी वर्षे टिकली आहे.) या उंबरठ्याच्या वर राहण्यासाठी कॉर्व्हेटमध्ये १९८९ च्या सहागिअरी पेटीपासून अशी योजना आली, की इंजिन गरम झालेले असताना चालकाने हलक्या पायाने पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जायचे ठरवले, तर एक विद्युतचुंबकीय खिट्टी दांडा अडवून त्याला थेट चौथ्या गिअरमध्ये ढकलते. चाचणीतील संथ चालीला ही अट तंतोतंत लागू पडते आणि इंधन खरोखर वाचते. अनेक मालक मात्र बाजारात मिळणारा एक स्वस्त जोड लावून ती खिट्टी निकामी करतात, आणि तेवढ्यापुरती प्रमाणपत्रावरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी वेगळी होते.

न वापरलेले सिलिंडर बंदच ठेवावेत, ही कल्पना त्याहून जुनी आहे. कॅडिलॅकने १९८१ साली आठ, सहा किंवा चार सिलिंडरांवर चालू शकणारे इंजिन आणले, पण त्या काळच्या संगणकाला ही अदलाबदल गुळगुळीतपणे करणे झेपले नाही आणि बहुतेक गाड्यांतून ते वर्षभरातच मागे घेतले गेले. २०१४ च्या सातव्या पिढीच्या कॉर्व्हेटमध्ये ही योजना परिपक्व होऊन आली: हलक्या भाराखाली ६.२ लिटरच्या इंजिनातील चार सिलिंडर झोपतात, उरलेल्या चारांवरचा भार वाढून त्यांची कार्यक्षमता सुधारते, आणि सातगिअरी गाडीला महामार्गासाठी गॅलनला २९ मैल, म्हणजे लिटरला सव्वाबारा किलोमीटर, असे अधिकृत प्रमाण मिळाले.

लँबोर्गिनीने आपल्या बारा सिलिंडरांच्या अव्हेन्टाडोरमध्ये असाच अर्धा संच बंद ठेवण्याची सोय केली, तेव्हा १०० किलोमीटरला १७.२ लिटरांचा अधिकृत खर्च १६ लिटरांवर आला. भारतीय पद्धतीने सांगायचे तर गाडी ५.८ वरून सव्वासहा किलोमीटरांवर गेली, आणि ही सुधारणा ऐकून कोणीही हसेल. परंतु लिटरमागे किलोमीटर हे माप येथे फसवे ठरते, कारण २० किलोमीटर देणारी छोटी गाडी २५ देऊ लागली, तर १०० किलोमीटरला एक लिटर वाचतो, आणि अव्हेन्टाडोरच्या त्या हास्यास्पद वाटणाऱ्या सुधारणेने १.२ लिटर वाचतात. तहानलेल्या गाड्यांची तुलना करताना युरोपीय माप वापरणेच शहाणपणाचे आहे.

गेल्या दीड दशकात मात्र खरी बाजी मारली ती टर्बोचार्जरने. बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर हवा दाबून आत भरणाऱ्या या यंत्रामुळे छोट्या इंजिनातून मोठ्याची शक्ती काढता येते आणि हलक्या भाराच्या वेळी ते छोटेच राहते. बीएमडब्ल्यूच्या एम५ या गाडीत ५ लिटरच्या दहा सिलिंडरी, ५०७ अश्वशक्तीच्या इंजिनाच्या जागी २०११ साली ४.४ लिटरचे दोन टर्बोंचे ५६० अश्वशक्तीचे इंजिन आले, आणि युरोपातील अधिकृत खर्च १०० किलोमीटरला १४.८ लिटरांवरून ९.९ लिटरांवर उतरला. त्याच नव्या गाडीच्या स्वयंचलित गिअरांच्या आवृत्तीला अमेरिकी पर्यावरण संस्थेने मात्र गॅलनला १६ मैल दिले, म्हणजे १०० किलोमीटरला १४ ते १५ लिटर. एका गाडीचे हे दोन सरकारी आकडे एकमेकांपासून जवळजवळ दीडपट दूर आहेत, आणि दोन्ही चाचण्या नियमानुसारच झालेल्या आहेत.

यातील फरकाचा मोठा भाग युरोपच्या जुन्या एनईडीसी या चाचणी चक्राच्या सौम्यपणात आहे. चाचणी चक्र म्हणजे प्रयोगशाळेतील फिरत्या रोलरांवर गाडीने सेकंदागणिक कोणत्या वेगाने चालावे याचा ठरवलेला आराखडा. त्या जुन्या चक्रात शून्यापासून ताशी ५० किलोमीटर गाठायला २६ सेकंद दिलेले होते, तेवढ्या वेळात एम५ सहज ताशी २०० च्या पलीकडे जाते. इतक्या हळुवार चालीत टर्बो इंजिनाचा दुसरा स्वभाव कधी उघडच पडत नाही. भार वाढला की ज्वलनवायूंचे तापमान टर्बोच्या पात्यांना आणि उत्प्रेरकाला सोसवेनासे होते, आणि ते आवरण्यासाठी गरजेपेक्षा जादा पेट्रोल सोडले जाते. ते पूर्ण जळत नाही, नुसते वाफ होऊन उष्णता शोषते. जोराने चालवलेल्या टर्बो गाडीच्या टाकीतील बऱ्याच पेट्रोलचा उपयोग अशा रीतीने शीतद्रव्य म्हणून होतो. बुगाती वेरॉनच्या १००१ अश्वशक्तीच्या, चार टर्बोंच्या इंजिनाला अमेरिकी चाचणीत लिटरला सुमारे सव्वाचार किलोमीटरांचे प्रमाण मिळाले होते, पण ताशी ४०० किलोमीटरांच्या सर्वोच्च वेगाला तिची १०० लिटरची टाकी पाव तासाच्या आतबाहेर रिकामी होते, म्हणजे लिटरला जेमतेम एक किलोमीटर पडतो.

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ कार्यक्रमाने २००८ साली टोयोटा प्रियस ही संकरित गाडी शर्यतीच्या मार्गावर पूर्ण जोराने पळवली आणि ४२० अश्वशक्तीची बीएमडब्ल्यू एम३ तिच्यामागून तेवढ्याच वेगाने नेली. ब्रिटिश गॅलनला प्रियसने १७.२ मैल दिले आणि एम३ ने १९.४. या प्रयोगाचा आनंद वेगवान गाड्यांच्या चाहत्यांनी पुष्कळ घेतला, पण त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांनी काढला त्याहून बराच अरुंद आहे. त्या वेगाला छोटे इंजिन आपल्या मर्यादेला टेकले होते आणि मोठे इंजिन आपल्या सोयीच्या टप्प्यात होते, एवढेच तो दाखवतो. प्रियसचा मालक असा वेग क्वचितच गाठतो आणि एम३ चा मालक प्रियसच्या मागे फार वेळ राहत नाही.

सप्टेंबर २०१७ पासून युरोपात लागू झालेल्या डब्ल्यूएलटीपी चक्राने ताशी १३१ किलोमीटरांपर्यंतचा वेग आणि अधिक चपळ चाल आणून ही दरी पुष्कळ कमी केली, मात्र बाहेरून वीज भरता येणाऱ्या संकरित गाड्यांनी त्याआधीच वेगळी दरी खणली होती. पोर्शे ९१८ स्पायडर ही ८८७ अश्वशक्तीची गाडी जुन्या युरोपीय नियमांनुसार १०० किलोमीटरला तीन लिटरांच्या जवळपास पेट्रोल पिते, अशी नोंद होती, कारण बॅटरीवर कापलेल्या अंतरानंतर केवळ २५ किलोमीटर पेट्रोलवर जाऊन चालक पुन्हा वीज भरेल, असे त्या नियमांनी गृहीत धरले होते. तिला पेट्रोलवर चालवल्यास गॅलनला २२ मैल, म्हणजे लिटरला साडेनऊपेक्षा कमी किलोमीटर मिळतात, हे अमेरिकी आकड्याने दाखवले. साध्या कागदोपत्री तुलनेत ती एखाद्या छोट्या डिझेल गाडीलाही मागे टाकत होती.

भारतातील अधिकृत मायलेज ज्या एमआयडीसी चक्रावर मोजले जाते आणि पुण्याच्या एआरएआय या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या नावाने ओळखले जाते, ते चक्र त्याच जुन्या युरोपीय आराखड्याचे भावंड आहे. फक्त त्यातील सर्वोच्च वेग ताशी ९० किलोमीटर ठेवलेला आहे. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, आणि वायुरोध वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने तेथे तो चाचणीतील कमाल रोधाच्या पावणेदोनपट होतो. वेगवान गाड्यांच्या बाबतीत उलट टोकही तितकेच महत्त्वाचे आहे. मोठे इंजिन उभ्या जागी ताशी दीड-दोन लिटर पेट्रोल घेते असे मानले, तर मुंबईच्या ताशी १५ किलोमीटरांच्या वाहतुकीत पुढे सरकण्याचा खर्च जमेस न धरताही लिटरला साडेसात ते दहा किलोमीटरांची मर्यादा आधीच पडून जाते. दोन वेगांचे दोन आकडे, एक कोंडीचा आणि एक महामार्गाचा, गाडीच्या काचेवर छापणे अजिबात अवघड नाही. अमेरिकेत ते कितीतरी वर्षे छापले जात आहेत.

पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलने या हिशेबात आणखी एक पदर जोडला आहे. इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा ते सात टक्के घट अपेक्षित असते. पण ते बाष्प होताना अधिक उष्णता शोषते आणि अवेळी पेट घेण्याला, म्हणजे इंजिनातील ठोक्याला, अधिक विरोध करते, म्हणून स्वीडनच्या कोनिगसेगने ८५ टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या सीसीएक्सआरमधून १०१८ अश्वशक्ती काढली, तर तिच्या पेट्रोलवर चालणाऱ्या बहिणीची मजल ८०६ पर्यंतच होती. हा फायदा भरपूर भाराखालीच हाती येतो, आणि तोही इंजिनाचा संगणक त्यासाठी जुळवलेला असेल तर. सतरा अश्वशक्तीवर रेंगाळणाऱ्या इंजिनाच्या वाट्याला फक्त ऊर्जेतली घट येते.