समोरची पाटी

विजयादशमीच्या दिवशी आमच्या छत्रीबागेत पहाटेपासून वाहने न्हाऊ लागतात. होळकरांच्या छत्र्यांच्या आसऱ्याने वाढलेली ही इंदूरची जुनी वस्ती; गल्ल्या टांग्याच्या मापाच्या, आणि त्यांत आता मोटारी उभ्या. नवी गाडी असली तर मंडळी खजराण्याच्या गणपतीला जातात. जुनीची पूजा दारातच होते. चाकाखाली लिंबू, समोर नारळ, आंब्याची डहाळी आणि बॉनेटच्या दोन्ही कडांना बांधून मध्ये लोंबता सोडलेला झेंडूचा घसघशीत हार. शेवटी गुरुजी अनामिका कुंकवात बुडवून स्वस्तिक काढतात, तेही नेमके नंबरप्लेटवर. मी एकदा कारण विचारले होते. ते म्हणाले, "अहो, वाहनाचं मुख कोणतं? तेच ना?" उत्तर मला इतके पटले की पुढे पंचवीस वर्षे मी स्वतःच ते स्वस्तिक काढीत आलो. हार सुकून गळेपर्यंत काढायचा नाही, हाही आमच्या घरचा रिवाज.

२०२२ सालच्या दसऱ्याच्या संध्याकाळी माझी आत्या सोने वाटायला निघाली होती. वय ऐंशीच्या घरात, हातात आपट्याच्या पानांची पिशवी. वळणावर समोरून आलेल्या एका मोटारीचा धक्का लागून ती पडली आणि मांडीचे हाड मोडले. मोटार क्षणभर थबकली व निघून गेली. तिला पाहणारे चौघे-पाचजण होते. पोलिसांनी विचारले तेव्हा सर्वांनी एकच वर्णन केले: पांढरी गाडी, समोर झेंडूचा मोठा हार, त्याखाली काहीतरी कुंकवाने माखलेले. कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यानेही हीच साक्ष दिली. त्या संध्याकाळी इंदुरात अशा किती गाड्या धावत असतील!

"मागची पाटी कुणी पाहिली नाही का?" असे मला पुष्कळांनी विचारले. मीही तेव्हा रागाने हेच विचारीत होतो. परंतु माणूस पडल्यावर भली माणसे पडलेल्याकडे धावतात. जाणाऱ्या गाडीची पाठ वाचीत कोण उभे राहतो? पादचाऱ्याला, समोरून येणाऱ्याला, धक्का बसायच्या आधीच्या त्या एका निमिषात दिसते ती गाडीची पुढची बाजूच. फिर्यादीत दोन शब्द लिहिले गेले: 'अज्ञात वाहन'.

रुग्णालयाच्या बाकावर बसून मी केंद्रीय मोटार वाहन नियमांची प्रत वाचून काढली. १९८९ सालचे हे नियम. त्यांतले पन्नासावे आणि एक्कावन्नावे कलम नोंदणी क्रमांकाविषयी आहे. क्रमांक पुढे आणि मागे, दोन्हीकडे हवा. अक्षरे रोमन, आकडे इंग्रजी पद्धतीचे. खाजगी गाडीला पांढऱ्यावर काळे, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळे. मोटारीच्या क्रमांकाची उंची ६५ मिलिमीटर, रेघेची जाडी १० आणि दोन अक्षरांतले अंतर १०. पाटीवर दुसरे नाव, चित्र वा कलाकुसर नको. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना कारखान्याकडूनच ती नवी सुरक्षा-पाटी मिळते: डाव्या अंगाला निळे अशोकचक्र, लेसरने कोरलेला गुप्तांक, आणि एक खूण पुढल्या काचेच्या आत. मिलिमीटर मोजणारा हा कायदा वाचताना एरवी मला हसू आले असते. त्या दिवशी कळले की कुणीतरी शांतपणे बसून हिशेब केला होता, भेदरलेल्या माणसाला दुरून किती मोठे अक्षर वाचता येईल याचा. आणि त्या हिशेबावर आम्ही बोटभर कुंकू फासले होते. त्याचा दंड म्हणाल, तर सर्वसाधारण कलमाखाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत. एका नारळाच्या तोरणाहून फार महाग नव्हे.

देवनागरी अंकांचा मी अभिमानी. पाटीवर ते चालत नाहीत याबद्दल मी पूर्वी कुरकुर केली आहे. दोन-एक-चार हे आकडे वळवून 'राम' असे वाचवणाऱ्या हिकमती तरुणांचे मला कौतुकही वाटे. परंतु इंदूरची 'एमपी ०९' गाडी रामेश्वरापर्यंत जाते, आणि तिथल्या रस्त्यावरच्या माणसालाही ती ओळखता आली पाहिजे. तेव्हा ती कुरकुर मी सोडून दिली.

ही पाटीची कल्पना फार जुनी नव्हे. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ साली ती सक्तीची केली. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने १९०४ च्या आरंभापासून आली. आपल्याकडे १९१४, १९३९ आणि १९८८ असे तीन अखिल भारतीय कायदे झाले. मात्र पाटीपासून सुटका हा दीर्घकाळ मोठेपणाचा भाग मानला गेला. आमच्या यशवंतराव होळकर महाराजांची १९३५ ची ड्यूसेनबर्ग मोटार जगातल्या दर्दी लोकांना अजून ठाऊक आहे. तिच्या पुढून जाणाऱ्या इंदूरकराला क्रमांक वाचण्याची गरज भासली नसेल. संस्थाने विलीन झाल्यावरही माजी राजांना तांबड्या पाट्यांचा मान राहिला होता, तो १९७१ च्या घटनादुरुस्तीनंतर गेला. राष्ट्रपतींच्या आणि राज्यपालांच्या गाड्यांवर तर क्रमांकाऐवजी राजमुद्राच असे. २०१८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयाने त्यांनाही क्रमांक लावण्यास सांगितले. म्हणजे प्रजासत्ताकाच्या प्रथम नागरिकालाही रस्त्यावर आपली ओळख सांगावी लागते. आमच्या गल्लीतल्या झेंडूला तेवढी सूट कुणी दिली?

गोव्याला कुळदेवतेच्या दर्शनास जाताना आम्ही स्वतः चालवायची गाडी भाड्याने घेतो. तिची पाटी काळी, अक्षरे पिवळी. देवळाच्या वाटेवरचे गावकरी ती पाहून लगेच सावध होतात, हा पाहुणा आहे, वळण चुकेल, हे त्यांना दुरून कळते. पाटी असे बोलत असते.

माझा एक भाचा पेनसिल्व्हेनियात असतो. आत्याला भेटायला आला तेव्हा त्याने माझा सगळा युक्तिवाद उधळून लावला. "मामा, आमच्याकडे पुढं पाटी लागतच नाही. फक्त मागं." मी चकित झालो. शेजारच्या न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्कमध्ये मात्र दोन्हीकडे लागते. ओहायोने १ जुलै २०२० पासून पुढची काढून टाकली. तेव्हा पुढची पाटी हा काही सर्वमान्य सिद्धांत नव्हे, हे मला कबूल केले पाहिजे. त्याच्या गावात रस्त्याने पायी चालणारे फार कमी, असेही तो म्हणाला. आमच्या गल्लीत तर माणूस, गाय, हातगाडी आणि लक्ष्मी-वेंकटेशाची रथयात्रा, सारी एकाच रस्त्याने जातात. इथल्या गाडीला तोंड हवेच.

असो. गाडीचा पत्ता लागला असता तर तिच्या विम्यातून भरपाईचा दावा न्यायाधिकरणापुढे करता आला असता. अज्ञात वाहनासाठी सरकारची निराळी योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये देते. महसूल खात्याच्या अधिकाऱ्याकडे अर्ज, वैद्यकीय कागद, खेपा, सर्व यथासांग झाले. पैसे आले तेव्हा आत्याने विचारले, "हे त्यानं पाठवले का?" मी नाही म्हटले. "मग देवाला वाहून टाक," ती म्हणाली. मी वाहिले नाहीत. औषधांचे देणे होते. हे मी तिला अजून सांगितलेले नाही.

आता ती काठी घेऊन घरातल्या घरात फिरते आणि दिवसाचा बराचसा वेळ खिडकीशी बसून काढते. येणाऱ्या गाड्यांचे क्रमांक मोठ्याने वाचण्याची तिला सवय लागली आहे. चौथीपर्यंत शिकलेली ही बाई इंग्रजी आकडे सराईतपणे म्हणते. ज्याची पाटी चिखलाने भरली असेल त्याचा उद्धारही करते.

यंदाच्या दसऱ्याला मी हार बॉनेटवर आडवा बांधला आणि गुरुजींना स्वस्तिक वर, पत्र्यावर काढायला सांगितले. त्यांनी भुवया उंचावल्या, पण काढले. पूजा आटोपून मी आत येतो न येतो तोच खिडकीतून हाक आली, "अरे, तुझ्या गाडीचा शेवटचा आकडा दिसत नाही. तीन आहे की आठ?"

हारातले एक फूल ओघळून पाटीवर अडकले होते. मी पुन्हा चपला घातल्या.