चुकांचा रकाना

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी बेसबॉल शिकलो. शिकलो म्हणजे खेळायला नव्हे. धावायचे नाही, असा माझ्या गुडघ्यांचा आणि माझा फार पूर्वीच करार झालेला आहे. मी शिकलो ते त्या खेळाचे आकडे, त्याचे विक्रम आणि ते विक्रम करणाऱ्या माणसांच्या हकिगती. ही बातमी आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत फुटली तेव्हा इंग्रजीच्या प्राध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि गणिताचे प्राध्यापक म्हणाले, "संतवाङ्मय शिकवणाऱ्या माणसाला हे काय भलतेच सुचले?" मी नुसता हसलो. खरे कारण सांगायचे तर थोडी स्वतःचीच नाचक्की करून घ्यावी लागली असती. ती आज करतो.

गेल्या जूनमध्ये माझ्या धाकट्या भावाचा अकरा वर्षांचा मुलगा अमेरिकेहून दोन महिन्यांसाठी आमच्याकडे सांगलीला राहायला आला. भाऊ न्यू जर्सीला स्थायिक झाल्याला आता पंधरा वर्षे झाली. मुलगा जन्माने तिकडचा. पण घरात मराठी बोलण्याचा रिवाज भावाने आणि भावजयीने नेटाने पाळलेला. पहिल्याच रात्री जेवायला बसल्यावर तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "आजी, ही आंबा खूप गोड आहे!"

"हा आंबा," मी म्हणालो.

"हा आंबा," तो म्हणाला. "आणि माझा विमान खूप उशिरा आला."

"माझे विमान. आले."

पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने सात वेळा लिंग चुकवले आणि मी सातही वेळा ते दुरुस्त केले. वीस वर्षांची सवय! समोर वाक्य आले की हाताला लाल पेन लागते. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आले की, घरात मराठी चुकीचे बोलले जात नाही. कारण मुलगा बोलतच नव्हता. काही विचारले की 'हो', 'नाही' आणि 'नको' एवढ्या तीन शब्दांत तो आपला संसार उरकत होता. या तीन शब्दांना लिंग नसते, हे त्या पोराने बरोबर हेरले होते!

त्या रात्री आई माझ्या खोलीत आली. ती फारशी शिकलेली नाही. ती म्हणाली, "अरे, पोरगं सातासमुद्रापलीकडून माझ्याशी बोलायला आलं होतं. तू त्याची परीक्षा घेतलीस."

मी काहीतरी सबब सांगितली. पण झोप काही आली नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता. तो खिडकीत बसून एक जाडजूड पुस्तक वाचत होता. पंचांग पाहणाऱ्या जोशीबुवांच्या चेहऱ्यावर असते तसली एकाग्रता त्याच्या चेहऱ्यावर होती. मी डोकावून पाहिले. पानेच्या पाने नुसते आकडे! बेसबॉलच्या विक्रमांचे ते पुस्तक होते. मी शेजारी बसलो आणि विचारले, "यातला सगळ्यांत मोठा बोलर कोण रे?"

त्याने माझ्याकडे पाहिले. क्षणभर काहीतरी बोलावे की न बोलावे असा विचार त्याच्या डोळ्यांत दिसला. मग तो म्हणाला, "साय यंग. त्याने पाचशे अकरा मॅच जिंकली."

'जिंकल्या' हा शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आला. मी तो गिळला. आयुष्यात इतका कडू घास मी क्वचितच गिळला असेल. पण त्याचे फळ ताबडतोब मिळाले. पोरगा पुढे म्हणाला, "आणि काका, गंमत काय माहिती आहे? सगळ्यांत जास्त हरला पण तोच. तीनशे पंधरा!"

मी थक्क झालो. ज्याच्या नावाने १९५६ पासून तिकडे उत्कृष्ट पिचरला दर वर्षी पारितोषिक देतात, त्या सायमहाराजांच्या खात्यावर सर्वांत जास्त विजय आहेत आणि सर्वांत जास्त पराभवही आहेत! आपल्याकडे असा माणूस असता तर आपण त्याच्या चरित्रातून पराभवांचे प्रकरणच गाळले असते. त्या लोकांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले आहेत.

त्या दिवसापासून आमचा रोजचा पाठ सुरू झाला. तो शिकवी आणि मी शिकत असे. आमची सत्तेची उतरंड अशी उलटी झाल्यावर त्याची जीभ मोकळी सुटली.

बेसबॉलमध्ये फलंदाजाची सरासरी हजाराच्या हिशेबात सांगतात. दहांपैकी तीन वेळा ज्याला चेंडू नीट मारून बेस गाठता येतो, तो 'तीनशेचा' फलंदाज. तीनशेचा फलंदाज म्हणजे मोठा माणूस. "म्हणजे दहांतून सात वेळा तो नापास होतो?" मी विचारले. "हो," पोरगा शांतपणे म्हणाला, "खूप कठीण असते ना ते." आमच्या विद्यापीठात शंभरांत तीस मिळवणाऱ्याला आम्ही घरी पाठवतो. तिकडे त्याच मुलाचा पुतळा उभारतील!

आणि चारशे? चारशे म्हणजे केवळ कैलासशिखर. टेड विल्यम्सची हकिगत त्याने मला एका संध्याकाळी सांगितली. १९४१ साल. बोस्टन रेड सॉक्सचा हा तेवीस वर्षांचा फलंदाज. मोसमाच्या शेवटच्या दिवशी, २८ सप्टेंबरला, त्याची सरासरी .३९९५५ होती. हजारात धरली की ती बरोबर चारशे भरत होती. त्या दिवशी फिलाडेल्फियात लागोपाठ दोन सामने व्हायचे होते. "मॅनेजर म्हणाला, तू आज बसला तरी चालेल," पोरगा सांगत होता, "पण तो नाही बसली. तो म्हणाला, मी खेळणार." विल्यम्स दोन्ही सामने खेळला, आठांपैकी सहा वेळा यशस्वी झाला आणि .४०६ वर थांबला. अमेरिकन आणि नॅशनल या दोन जुन्या लीगांत त्यानंतर आजवर कोणालाही पुऱ्या मोसमात चारशे गाठता आलेले नाहीत.

मला ब्रॅडमन आठवला. १९४८ साली ओव्हलवर शेवटच्या डावात चार धावा काढल्या असत्या तर त्याची कसोटीतली सरासरी शंभर झाली असती. तो शून्यावर बाद झाला आणि ९९.९४ हा आकडा अजरामर झाला. पुतण्याला मी ही हकिगत सांगितली तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पुअर मॅन. पण त्याने बॅटिंग तर केली ना." असल्या वाक्यातले व्याकरण तपासणारा माणूस माणूसच नव्हे. मी हळूहळू माणूस होत चाललो होतो.

एकदा मी विचारले, "हा तक्ता असा मांडायची युक्ती कोणाची रे?" त्याने हेन्री चॅडविकचे नाव सांगितले. हा गृहस्थ जन्माने इंग्रज, १८२४ चा. लहानपणीच अमेरिकेत गेला आणि तिथे वर्तमानपत्रांसाठी क्रिकेटच्या सामन्यांची वार्तापत्रे लिहू लागला. पुढे त्याला बेसबॉलचे वेड लागले आणि सामन्याचा सारा हिशेब एका चौकटीत बसवण्याची पद्धत त्याने रूढ केली. म्हणजे मूळचा आमच्याच गोत्रातला माणूस!

त्या चौकटीतली एक गोष्ट मात्र मला अगदी नवी होती. मैदानावरच्या मोठ्या फलकावर प्रत्येक संघापुढे तीन रकाने असतात. पहिला धावांचा, दुसरा यशस्वी फटक्यांचा आणि तिसरा चुकांचा. क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला की, हजारो लोकांच्या देखत त्या रकान्यात आकडा चढतो.

"बापरे! म्हणजे चेंडू सुटला की चूक लागलीच?" मी विचारले.

"नाही नाही," पोरगा म्हणाला. "एक माणूस वर बसतो. तो ठरवतो. बॉल खूप फास्ट असली, किंवा खूप लांब असली, तर एरर नाही. साधा ट्राय करून जमणार होती आणि तरी सुटली, तरच एरर."

नियमात खरोखरच हेच आहे. गुणलेखकाने क्षेत्ररक्षकाला चूक लावायची ती केव्हा? साधारण प्रयत्नाने जे जमायला हवे होते ते जमले नाही, तेव्हाच. जिवाच्या आकांताने धावून, झेप घेऊन, बोटाला लागून चेंडू निसटला, तर ती चूक नव्हे. तिथे फटका मारणाऱ्याला श्रेय मिळते, धावणाऱ्याला दोष लागत नाही.

मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. न्यू जर्सीत वाढलेल्या मुलाने आजीसाठी 'आंबा' हा शब्द जपून ठेवायचा आणि तो सांगलीपर्यंत आणायचा, हा साधारण प्रयत्न का असाधारण? आणि मी पहिल्याच रात्री पंधरा मिनिटांत फलकावर सात चुका चढवल्या होत्या!

हिशेब ठेवणारेही चुकतात, हे पुढे मला कळले. जॉश गिब्सन हा गोष्टीतल्या भीमासारखा फलंदाज. पण तो काळा होता, आणि त्या वेळी मोठ्या लीगांचे दरवाजे काळ्यांना बंद होते. त्याने आपले आयुष्य निग्रो लीगांत घालवले आणि १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन त्या दरवाज्यातून आत गेला. टाय कॉब १९२८ साली निवृत्त झाला, तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या सर्वोच्च सरासरीच्या जागी त्याचेच नाव होते. २०२४ च्या मे महिन्यात निग्रो लीगांचे आकडे अधिकृत वहीत घेतले गेले आणि कॉबच्या .३६७ च्या वर गिब्सनचे .३७२ चढले. "पण त्याला कळलंच नाही ना, काका," पोरगा म्हणाला. या वाक्यात एकही चूक नव्हती. मला त्याचा मुळीच आनंद झाला नाही.

आणि शेवटची गोष्ट त्याने जाण्याच्या आदल्या रात्री सांगितली. बेसबॉलमध्ये 'निर्दोष सामना' म्हणून एक चीज आहे. पिचरने ओळीने सत्तावीस फलंदाज बाद करायचे, एकालाही पहिला बेस गाठू द्यायचा नाही. १८८० पासून २०२३ पर्यंत असे फक्त चोवीस सामने झाले. २ जून २०१० रोजी डेट्रॉइटला आर्मांडो गालारागाने सव्वीस जण बाद केले. सत्ताविसावाही बाद होता. साऱ्या मैदानाने ते पाहिले. पण पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले.

"मग त्या बोलरने काय केलं? भांडला?" मी विचारले.

"नाही. तो हसला. आणि परत जाऊन पुढचा माणूस आउट केला."

सामन्यानंतर चित्रफीत पाहून जॉइसनी आपली चूक सर्वांसमक्ष कबूल केली. दुसऱ्या दिवशी पंच म्हणून पुन्हा तेच मैदानावर होते. संघाची यादी पंचांच्या हाती द्यायला त्या दिवशी गालारागा स्वतः गेला. जॉइस डोळे पुसत होते. अधिकाऱ्यांनी निर्णय काही बदलला नाही. तो सामना चोवीसांच्या यादीत आजही नाही. पण यादीतल्या कित्येकांची नावे लोक विसरले आणि यादीबाहेरच्या या सामन्याची गोष्ट एक अकरा वर्षांचा मुलगा सांगलीत आपल्या काकाला सांगत होता.

गोष्ट संपली आणि एकाएकी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हणालो, "अरे, त्याला तुमच्याकडे पिचर म्हणतात ना? मी गेले दोन महिने बोलर बोलर करतोय! आउटला विकेट म्हणतोय! तू एकदाही मला सुधारलं नाहीस?"

तो पुस्तक बॅगेत भरत होता. मान वर न करताच म्हणाला, "मला कळत होती ना, काका. आणि तू तर नवीन आहे."

मी दिवा मालवला. अंधारात बरे वाटले.

आता कॉलेज सुरू झाले आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे टेबलावर आहेत. चुकांचा रकाना पुसून टाकावा असे माझे म्हणणे नाही. ऱ्हस्वदीर्घाला मी आजही लाल पेनाने गोल करतो. पण त्या फलकावर चुकांचा रकाना तिसरा असतो, एवढे आता ध्यानात ठेवतो. आधीचे दोन वाचल्याशिवाय तिसऱ्याकडे जायचे नाही. त्यामुळे उत्तरपत्रिका तपासायला मला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो, अशी परीक्षा विभागाची तक्रार आहे. ती रास्त आहे.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. आधी आजीशी पंधरा मिनिटे बोलला. काय बोलला ते आईने सांगितले नाही. पण ती दिवसभर गुणगुणत होती. मग माझ्याकडे फोन आला.

"काका! मी आज माझी पहिला होमरन मारली!"

"शाब्बास रे पठ्ठ्या!" मी ओरडलो. "बोलर कोण होता?"