लॅटिनच्या अर्ध्या ओळी

प्रिन्स्टन विद्यापीठानें 2021 सालीं प्राचीन वाङ्मयाच्या पदवीसाठीं लॅटिन किंवा ग्रीक येण्याची अट काढून टाकली. आमच्या कांहीं मित्रांस हें उदारपणाचें वाटलें. आम्हांस वाटलें नाहीं. ऑक्सफर्ड-केंब्रिजनें 1960 च्या सुमारास प्रवेशापुरती लॅटिनची सक्ती उठविली, ती गोष्ट निराळी. येथें मात्र भाषेवांचून तिचें वाङ्मय शिकण्याची सोय झाली.

आम्ही संस्कृताच्या विभक्ति घोकून मग लॅटिनकडे वळलों. पाहतों तों तृतीया आणि बहुतेक सगळी सप्तमी पंचमीच्या पोटांत गडप! आमच्या सति सप्तमीचें काम तेथें पंचमीच उरकते. परमुलखांत जुना आप्त भेटावा तसें झालें. भाषांतरांतून ही भेट घडती ना.

असो. विद्यार्थी म्हणतात, “व्हर्जिल इंग्रजींतून वाचला तर काय बिघडलें?” व्हर्जिल इ. स. पू. 19 मध्यें वारला, तेव्हां ‘ईनिड’वर शेवटचा हात फिरावयाचा राहिला होता, त्यांतील पन्नासाहून अधिक ओळी अर्ध्यावरच तुटल्या आहेत. ड्रायडननें 1697 च्या आपल्या इंग्रजी भाषांतरांत अशा अर्ध्या ओळी मुद्दाम टाळल्या. तेवढ्यावरच विसंबणारास कवीची लेखणी कोठें थांबली तें कळतच नाहीं.